मूस, सोडत आणि राजाचे रान

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यासमोर 'लॉटरी' हा शब्द आला की दोन कथा हटकून उभ्या राहतात : शर्ली जॅक्सनची १९४८ सालची, आणि बोर्हेसची बाबिलोनमधली. वर्षानुवर्षे वर्गांतून शिकवल्या गेलेल्या या कथांनी आम्हा वाचकांची अशी समजूत करून दिली आहे की, जिथे चिठ्ठी उचलली जाते तिथे विवेकाने रजा घेतलेली असते. म्हणून अमेरिकेतल्या मेन राज्यात मूस मारण्याचा परवाना सोडतीने मिळतो हे कळताच आमच्या वर्तुळातला उद्गार ठरलेला असतो : एक तर प्राण्याचा जीव, आणि तोही चिठ्ठीवर! या उद्गारातल्या तुच्छतेशी आमचे भांडण आहे. मेनच्या सोडतीत दोष आहेत. पण ते ती सोडत आहे म्हणून नव्हेत. ती पुरेशी सोडत राहिलेली नाही, हा तिचा दोष आहे.

आधी वस्तुस्थिती. मूस हे हरिणकुळातले सर्वांत मोठे जनावर. मोठा नर साडेचारशे किलो सहज भरतो. बेसुमार शिकारीने मेनमध्ये तो इतका विरळ झाला की १९३०च्या दशकाच्या मध्यात शिकार बंद करावी लागली. रान सावरल्यावर १९८० साली ती पुन्हा सुरू झाली ती सातशे परवान्यांनिशी, केवळ राज्यातल्या रहिवाशांसाठी. १९८३ मध्ये ही शिकार कायमची बंद करावी काय, असा प्रश्न जनमताला टाकला गेला आणि मतदारांनी ती चालू ठेवली. अलीकडे दरवर्षी चार हजारांच्या आसपास परवाने निघतात आणि अर्जदार पन्नास हजारांच्या वर असतात. जूनमध्ये नावे काढली जातात. ज्याचे नाव निघाले आणि ज्याला शिकारही साधली, त्याच्या घरी त्या हिवाळ्यात मांसाची ददात नसते.

(ज्यांच्या भाषाकुळातून 'मूस' हा शब्द इंग्रजीत आला त्यांची गोष्ट निराळी आहे. पेनॉबस्कॉट आणि पासामाक्वॉडी या लोकांचा आपल्या प्रदेशातल्या शिकारीचे नियम स्वतः करण्याचा अधिकार १९८०च्याच तडजोडीच्या कायद्याने मान्य केला. त्या हक्काची चर्चा स्वतंत्रपणे करावी लागेल.)

आता, मागणारे पुष्कळ आणि देण्याजोगे थोडे, अशा वेळी वाटप कसे करावे? पैशाने, वशिल्याने, ज्येष्ठतेने, की चिठ्ठीने? यांपैकी चिठ्ठी तेवढी अर्जदाराकडे पाहत नाही. ॲरिस्टॉटलने चिठ्ठीने नेमणूक करणे हे लोकशाहीचे लक्षण मानले आणि निवडणुकीला अल्पजनसत्तेच्या बाजूला बसवले, ते उगाच नव्हे. चिठ्ठीला गुण कळत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण रानातल्या जनावरावर कोणाचा गुणाने हक्क पोहोचतो? ते कोणाच्याही खासगी मालकीचे नाही, राज्य त्याचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व अमेरिकेतल्या वन्यजीव-व्यवस्थेच्या मुळाशी आहे. त्या तत्त्वाला सोडतीइतके शोभणारे दुसरे वाटप आम्हांला दिसत नाही. म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसणाऱ्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

पण मेनने या आंधळ्या चिठ्ठीला हळूहळू डोळे लावले. २०२४च्या सोडतीपर्यंतचे नियम पाहावेत. नाव न निघालेल्या अर्जदाराला जादा गुण मिळतात : पहिली पाच वर्षे वर्षाला एक, पुढची पाच दोन, त्यापुढची पाच तीन, आणि सोळाव्या वर्षापासून एकदम दहा. म्हणजे पंधरा वर्षांनी तीस, आणि वीस वर्षांनी ऐंशी. यामागची भावना आम्हांला समजते. वीस वर्षे अर्ज करून हात हलवत परतणाऱ्याबद्दल कोणाला कणव वाटणार नाही? पण ही कणव कोणाच्या खिशातून दिली जाते ते पाहिले पाहिजे. परवाने वाढत नाहीत. वाढतात त्या पिंपातल्या चिठ्ठ्या. म्हाताऱ्याच्या ऐंशी चिठ्ठ्यांचे वजन पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या पोराच्या एकुलत्या चिठ्ठीवर पडते. शिवाय म्हाताऱ्यालाही खात्री नाहीच, कारण त्याच्यासारखे ऐंशीवाले इतरही हजर असतात. वाट पाहणे ही तपश्चर्या समजून तिचे व्याज देण्याची ही रीत एकमेकांची तहान वाढवण्यापलीकडे फार काही साधत नाही.

तरी ज्येष्ठतेचा दोष आम्ही क्षम्य मानू, पैशाचा नाही. राज्याबाहेरच्या अर्जदाराला पंधरा डॉलरला एक संधी, पंचवीसला तीन, पंचावन्नला दहा, आणि दहा-दहाचे असे गठ्ठे हवे तितके घेण्याची मुभा. बाहेरच्यांचा वाटा एकूण परवान्यांच्या दहा टक्क्यांपुरताच आहे, हे खरे. पण म्हणून त्या दहा टक्क्यांत बॉस्टनचा सुतार आणि बॉस्टनचा सावकार समान होत नाहीत. त्याच वाट्यातला एक हिस्सा शिकाऱ्यांना उतरवून घेणाऱ्या लॉजांसाठी राखलेला. याखेरीज मोजके परवाने सरळ लिलावात जातात. लिलावाचा पैसा मुलांच्या निसर्गशिक्षणाला लागतो, असे समर्थन केले जाते. हेतू उत्तम. पण मुलांना निसर्ग सर्वांचा आहे असे शिकवायचे, आणि त्या शिकवणीचा खर्च तोच निसर्ग सर्वाधिक बोली लावणाऱ्याला देऊन भागवायचा, ही विसंगती एखाद्या कादंबरीत आली असती तर आम्ही समीक्षकांनी तिला भडक म्हणून नाकारले असते.

इथे बोर्हेसकडे परत जावे लागते, कारण ती कथा आपण अर्धवट वाचली आहे. बाबिलोनची लॉटरी आरंभी पैसे मोजणाऱ्यांचीच होती. तिचे सुखदुःख केवळ श्रीमंतांच्या वाट्याला का, म्हणून गरीब पेटून उठले. दंगल झाली आणि अखेर संधींची विक्री बंद होऊन लॉटरी सर्वांना फुकट झाली. पुढे त्या लॉटरीने जगच गिळले, आणि आपल्या व्याख्यानांतून तेवढेच उरले. चिठ्ठीत सर्वांना सारखा वाटा हवा, या मागणीसाठी झालेला उठाव मात्र आमच्या टिपणवह्यांतून गळून पडला. काल्पनिक बाबिलोनने जी विक्री मोडीत काढली, ती खऱ्याखुऱ्या मेनमध्ये दरपत्रकासह चालू राहिली.

'शिकारच नको' म्हणणारे मित्र या टप्प्यावर थोरोला पुढे करतात. १९५३च्या नव्हे, १८५३च्या मेनमध्ये, चेसनकूक सरोवराच्या वाटेवर, पेनॉबस्कॉट वाटाड्याने मारलेली मूसची मादी त्याने पाहिली आणि त्याचे मन विटले. १९७२च्या कायद्याने शिकार बंद झालेल्या देशातल्या आम्हांला ते विटणे जवळचे वाटते, यात नवल नाही. पण थोरोचा रोख निव्वळ मौजेसाठी मारण्यावर आहे. पोटासाठी रानात जाणाऱ्याला तो त्याच मापाने मोजत नाही. आणि आजच्या मेनचे रान त्याच्या वेळचे नाही. हिवाळे सौम्य झाल्याने माजलेल्या गोचिडी मूसच्या वासरांचे रक्त शोषून त्यांना मारतात. कळपांची दाटी कमी केल्याने गोचिडी घटतात काय, हे तपासण्यासाठी २०२१ पासून राज्याने एका भागात माद्यांचे जादा परवाने दिले. या प्रयोगावर वाद व्हावा. तो निबंधातल्या एका उताऱ्याने मिटणारा नाही.

त्याच निबंधाच्या शेवटी थोरो आणखी एक प्रश्न विचारतो, तो आमचे मित्र सहसा सांगत नाहीत. इंग्लंडच्या राजांनी आपल्या शिकारीसाठी राने राखली. राजाची सत्ता झुगारून दिलेल्या आपण, सर्वांसाठी राने का राखू नयेत? त्याला ती शिकारीसाठी नकोत, हे मान्य. पण राजाचे रान कशाला म्हणतात, हे त्याला नेमके ठाऊक होते. मेनच्या लिलावातली वरची बोली त्याने कोणत्या रानात जमा केली असती?