स्वस्तातला तारा, महागाचा सौदा

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत लहान शहरांच्या संघांपुढे एक जुनाच पेच आहे. करारमुक्त झालेले नामांकित खेळाडू सहसा लॉस एंजलिस, मायामीसारख्या महानगरांची वाट धरतात. एखादा अव्वल खेळाडू वर्तनामुळे आपल्या संघाला नकोसा झाला, तरच तो लहान संघाच्या आवाक्यात येतो. असा सौदा करावा काय? सॅक्रामेंटो किंग्जचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

जानेवारी २००६ मध्ये किंग्जने पेजा स्टोयाकोविच हा हुकमी नेमबाज इंडियाना पेसर्सला देऊन रॉन आर्टेस्टला घेतले. (ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत एनबीएचे भारतातील पहिले सामने खेळले, ते हेच दोन संघ.) आर्टेस्ट २००४ चा सर्वोत्तम बचावपटू. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंगावर पेय फेकले जाताच तो प्रेक्षकांत घुसला आणि हाणामारी झाली. त्यापायी त्याला बाद फेरीसह ८६ सामन्यांना मुकावे लागले होते.

प्रारंभी सौदा फळला. रखडलेल्या किंग्जने ४४ विजयांसह बाद फेरी गाठली. स्टोयाकोविच त्याच उन्हाळ्यात करारमुक्त होऊन न्यू ऑर्लिन्सला गेला. म्हणजे व्यवहारात फसगत झाली ती पेसर्सची, असेच चित्र होते. परंतु सॅन अँटोनियोविरुद्धच्या त्या मालिकेतही आर्टेस्ट एका सामन्यापुरता निलंबित झालाच. पुढच्या हंगामात किंग्जचे विजय ३३ वर घसरले. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणावरून २००७-०८ च्या आरंभी त्याच्यावर सात सामन्यांची बंदी आली. २००८ मध्ये तो ह्यूस्टनला गेला. किंग्जला पुन्हा बाद फेरी दिसली ती थेट २०२३ मध्ये.

या घसरणीचे खापर एकट्या आर्टेस्टवर फोडणे अन्यायाचे ठरेल. व्लाडे दिवाच आणि ख्रिस वेबर हे अनुभवी खेळाडू आधीच गेले होते. प्रशिक्षक रिक ॲडेलमन यांनाही संघाने २००६ मध्येच निरोप दिला. अस्थिर स्वभावाच्या खेळाडूला ज्या स्थिर आधाराची गरज होती, तोच आधार संघात उरला नव्हता. याउलट २०१० मध्ये लेकर्सच्या विजेतेपदात आर्टेस्टचा मोलाचा वाटा होता. तेथे प्रशिक्षक फिल जॅक्सन होते, संघाचा भार कोबी ब्रायंटवर होता. विजयानंतर आर्टेस्टने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे जाहीर आभार मानले, हेही विसरता येत नाही.

तात्पर्य, लहान संघाने असा खेळाडू घेऊच नये असे नाही. घर भक्कम असेल, तर जोखीम पेलते. मात्र ढासळत्या घराला टेकू म्हणून त्याला आणले, तर घर आणि टेकू दोन्ही कोसळण्याचा धोका असतो. हा हिशेब सौद्यावर स्वाक्षरी होण्यापूर्वीच मांडायला हवा. कारण चुकीच्या निर्णयाची झळ व्यवस्थापनापेक्षा त्या शहरातील प्रेक्षकांना अधिक काळ सोसावी लागते.