घरी लेथ हवाच कशाला?

निवृत्तीनंतर कोणी पेटी शिकू लागला, तर त्याचे कौतुक होते. तोच बंगल्याच्या गॅरेजमध्ये लेथ बसवतो म्हणाला, तर 'या वयात ही कारखानदारी कशाला?' असा प्रश्न येतो. सुरांशी खेळणे ही कला आणि लोखंडाशी खेळणे ही मजुरी, असे आपण ठरवूनच टाकले आहे. मला ही अढी मान्य नाही. ज्याला जागा आणि हौस आहे, त्याने ही यंत्रे घरी जरूर आणावीत. मात्र पारखून आणावीत.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार त्याला कापते. मिलिंग मशीनवर हत्यारच फिरते. बुश, पिन, आटे ही गोल कामे लेथची. सपाट पृष्ठभाग आणि खाचा मिलिंगच्या. घरात मोडणाऱ्या बहुतेक वस्तू गोलच असतात. म्हणून आधी लेथ घ्यावा. त्यावर व्हर्टिकल स्लाइड बसवली की बारीकसारीक मिलिंगही होते. एक-दोन वर्षांनी हात बसल्यावर मिलिंग मशीनचा विचार करावा. दोन्ही कामे करणारे जोडयंत्र पाहून पुष्कळांना मोह होतो. पण दर वेळी मांडामांड बदलण्यातच उत्साह संपतो, असे माझे मत आहे.

नवा छोटा लेथ की जुना वजनदार? टेबलावर मावणारे लेथ आज सहज मिळतात आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला तेच सोयीचे. तळमजल्यावर पक्की फरशी असेल, तर मी जुन्याकडे झुकेन. बिडाचे वजन थरथर शोषून घेते आणि काम साफ होते. मात्र रंगाला भुलू नये. चकजवळ बेडची झीज सर्वांत जास्त होते. कॅरेज तिथे घट्ट करून टेलस्टॉककडे सरकवावी. ती अडकू लागली, तर बेड झिजला आहे असे समजावे. मग चकमध्ये सळई धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, चार इंच कापून पाहावी आणि दोन्ही टोकांचे व्यास मायक्रोमीटरने मोजावेत. विकणारा काय सांगतो यापेक्षा ही सळई काय सांगते ते ऐकावे.

जुन्या यंत्रांच्या मोटारी बहुधा थ्री फेजच्या असतात. घरी सिंगल फेज असेल, तर मोटार बदलण्याचा किंवा ड्राइव्ह बसवण्याचा खर्च आधीच धरावा. अर्थिंग चोख हवे. यंत्राला शंभर रुपये ठेवाल, तर हत्यारे, ड्रिल चक, व्हर्निअर आणि ग्राइंडरसाठी आणखी पन्नास ठेवा.

घरच्यांनी एक गोष्ट मात्र ठणकावून सांगावी. फिरत्या चकजवळ पदर, ओढणी, सैल बाही नको. हातमोजेसुद्धा नकोत, कारण ते हातासकट ओढले जातात. डोळ्यांवर चष्मा हवा आणि चकची चावी क्षणभरही चकमध्ये राहता कामा नये.

हा उद्योग आपल्याला परका नाही. लाकूड कातणारे कातारी आपल्याकडे पूर्वीपासून होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारला. पुढे १९४१ साली हरिहरला त्याच घराण्याचा लेथचा कारखाना निघाला. ही परंपरा आपण भाषणांत मिरवतो. पण मुलगा आयटीआयला जातो म्हणाला की घरात चेहरे उतरतात.

म्हणून गॅरेजमधल्या लेथचा खरा उपयोग दुरुस्तीचे पैसे वाचवण्यात नाही. तो हिशेब बहुधा तोट्याचाच येईल. उपयोग आहे तो घरातल्या मुलामुलींना. क्लासच्या धबडग्यातून सुटलेल्या नातीला आजोबांनी शेजारी उभे राहून पितळेचा भोवरा कातू द्यावा. आर मध्यावर नसेल, तर भोवरा डगमगणार. तिथे घोकंपट्टी चालत नाही, वशिला चालत नाही. मायक्रोमीटर कोणाचीच भीड धरत नाही. ज्या हातांनी एकदा असे नेमके काम केले, ते हात पुढे दुसऱ्याच्या कष्टाला हलके लेखणार नाहीत. एवढ्यासाठी गाडी थोडी उन्हात उभी राहिली, तर काय बिघडले?