भेदऱ्याचे रोप आणि श्रमाची प्रतिष्ठा

मोर्शी तालुक्यातील संत्र्याच्या रोपवाटिका रिद्धपूरकरांच्या परिचयाच्या आहेत. भेदऱ्याच्या, म्हणजे टोमॅटोच्या रोपालाही तशीच निगा लागते. खिडकीपाशी ठेवलेल्या ट्रेमध्ये बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. अंकुरानंतर पुरेसा उजेड न मिळाल्यास रोप लांबट व लेचेपेचे होते. चार-पाच पाने आल्यावर ते मोठ्या कुंडीत खोल लावावे. मातीत गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात. रोप सावरल्यावर आठवडाभर त्याला हळूहळू उन्हाची सवय लावावी.

हे काम निवासी शाळेच्या वेळापत्रकात असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ते शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. आपल्या पूर्वजांवर परक्याच्या शेतातील श्रम जन्माने लादले गेले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले, ते आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी. म्हणूनच शाळेत मुलाच्या हाती खुरपे पाहून पालक अस्वस्थ झाले, तर ती अस्वस्थता रास्तच होय. मुला-मुलींसह शिक्षकांनीही पाळीपाळीने हे काम करावे, रोपाची वाढ वहीत नोंदवावी आणि पिकलेले फळ मुलांच्याच ताटात यावे. अशा श्रमात सक्ती उरत नाही. ज्ञान आणि हक्क दोन्ही येतात.