गिअर कोणता? रस्त्याला विचारा!

‘बायकांना आपली ऑटोमॅटिकच बरी,’ हे वाक्य गाडी घेताना हमखास कानावर येतं. आणि वाट चिखल-दगडांची असेल तर? ‘तिथं गिअरचीच हवी, आणि ती पुरुषांनीच चालवावी!’ मैत्रिणींनो, ही दोन्ही वाक्यं जरा तपासून बघू या.

गिअरच्या गाडीत ताबा आपल्याकडे राहतो. उतारावर पहिला गिअर टाकला की इंजिनच गाडीला आवर घालतं. बॅटरी बसली तर ढकलून सुरू करता येते. पण खड्या चढावर क्लच चुकला की गाडी बंद पडते, मागे घरंगळते. अर्धवट दाबून ठेवला तर क्लच जळतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये ही धास्ती कमी. दगडांवरून मुंगीच्या पावलानं जाता येतं, लक्ष स्टिअरिंगवर राहतं. उतारावर मात्र खालचा गिअर आपण निवडायचा. स्वस्तातली एएमटी वेगळी. तिच्यात साधा क्लचच असतो, तो यंत्र दाबतं. खड्या चढावर ती अडखळू शकते.

थारसारख्या रांगड्या गाडीतही २०२० पासून ऑटोमॅटिक मिळते. ती काही बायकांसाठी म्हणून दिलेली नाही!

वस्तीवर रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, घरात पुरुषमाणूस नाही, तेव्हा दारातली गाडी कोण काढणार? म्हणून गाडी कुठलीही घ्या, पण निवडताना घरातल्या बाईला विचारा. आणि आपणही पावसाळ्याआधी शेताच्या वाटेवर हात बसवून घ्यावा. चावी खुंटीवर असून काय उपयोग, ती हातात यायला हवी!