वीणा हवेत नको : फोटो स्टिल असला तरी प्रॉप हाताला जोडाच



या आठवड्याच्या व्हिडिओत थ्रीडी कॅरेक्टरच्या हातात वस्तू कशी द्यायची ते दाखवलं. व्हिडिओत बटणं दिसतात, पण ती का दाबायची हे सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो: चित्र हलणार नसलं, एकच फोटो रेंडर करून फ्लेक्सवर छापायचा असला, तरीसुद्धा हातातली वस्तू पेरेंट केल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. टेंभुर्णीत माझं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. पुणे-सोलापूर हायवेवरून इथूनच पंढरपूरकडे रस्ता फुटतो, त्यामुळं आषाढीच्या आधी आमच्याकडं वारकऱ्यांचे बॅनर भरपूर असतात. काही वर्षांपूर्वी एका दिंडीचं काम आलं. वीस बाय दहाचा फ्लेक्स, त्यात बारा वारकरी. अकरा जणांच्या हातात टाळ, एक वीणेकरी. फिगर थ्रीडीत उभ्या केल्या, पोझ दिल्या आणि प्रत्येक टाळ मूव्ह टूलनं हातापाशी नेऊन ठेवला. कॅमेऱ्यातून एकदम झकास दिसत होतं. पेरेंट वगैरे काही केलं नाही. म्हटलं, स्टिल तर आहे, कशाला?

रात्री गिऱ्हाईकाचा फोन आला. "भाऊ, सगळे जरा पुढं झुकलेले दाखवा, चालल्यासारखे वाटू द्या." मी कमरेतून फिगर वाकवल्या. माणसं वाकली, बावीसच्या बावीस टाळ जागेवरच राहिले, हवेत तरंगत. मग एकेक टाळ परत हातात बसवत बसलो. पहाटे चारला फाइल प्रिंटला टाकली.

सकाळी फ्लेक्स न्यायला दिंडीतले एक आजोबा आले. आयुष्यभर वीणा सांभाळलेला माणूस. त्यांनी फ्लेक्स उलगडून बघितला आणि शांतपणे एवढंच म्हणाले, "पोरा, वीणा गळ्यात नाही, हवेत आहे." मी जवळ जाऊन बघितलं. वीणेचा पट्टा खांद्यावर टेकलेलाच नव्हता. स्क्रीनवर केसभर दिसणारी फट फ्लेक्सवर चांगली चार बोटं झाली होती. खांद्यावर पट्ट्याची सावलीही नव्हती.

ते रागावले नाहीत, पैसेही कापले नाहीत. पण सप्ताहात वीणेचा पहारा असतो हे तुम्हाला माहीत आहे. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली ठेवत नाहीत. त्या माणसाला मी हवेतली वीणा दाखवली होती. दोनशे स्क्वेअर फूट फ्लेक्स माझ्या खर्चानं परत छापला. पैसे गेल्याचं विसरलो, त्यांचं वाक्य नाही विसरलो.

आता मुद्द्यावर येऊ. सॉफ्टवेअरच्या हिशेबात प्रत्येक वस्तूला कोणीतरी धनी असतो. तुम्ही सांगितलं नाही तर धनी म्हणजे मोकळी जमीन, म्हणजे सीन. पेरेंट करणं म्हणजे सांगणं, की आता तुझा धनी हा हात, तो जाईल तिकडं तू जायचं. ही सोय नवीन नाही. लॅरी वाइनबर्ग यांचं पोझर 1995 साली आलं, आणि तेव्हापासून पोझ दिलेल्या फिगरचं हे जग वाढत गेलं. पोझरमध्ये चेंज पेरेंट आहे. शिवाय प्रॉप स्मार्ट प्रॉप म्हणून सेव्ह केला, की कुठल्या अवयवाला जोडलाय हे तो लक्षात ठेवतो. डॅझ स्टुडिओत सीन पेनमधलं प्रॉपचं नाव ओढून हाताच्या नावावर सोडायचं. वस्तू आहे त्या जागीच राहायला हवी असेल तर पेरेंट इन प्लेस चालू ठेवा. ब्लेंडर तर 2002 पासून ओपन सोर्स आहे, रुपयाही लागत नाही. तिथं ऑब्जेक्ट मोडमध्ये आधी प्रॉप निवडा, शिफ्ट धरून आर्मेचर निवडा, पोझ मोडमध्ये जाऊन हवं ते बोन निवडा, मग कंट्रोल-पी आणि बोन. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खरी चूक बटणात होत नाही, धनी निवडण्यात होते. सगळेच प्रॉप हाताला जोडायचे नसतात. वजन कुणावर आहे ते बघा.

टाळ: दोन वेगळे प्रॉप. एक डाव्या हाताला, एक उजव्या. बोटाला जोडू नका, हाताला जोडा, नाहीतर बोट जरा वळवलं की टाळ गरकन फिरतो.

पखवाज: गळ्यात अडकवून वाजवतात, म्हणून तो छातीला किंवा पोटाला जोडायचा. हात त्याच्यावर नेऊन ठेवायचे. हाताला जोडलात तर थाप मारायला हात उचलला की अख्खा पखवाज वर येईल.

वीणा: पट्टा गळ्यात, म्हणून छातीला. बोटं तारेवर न्यायची.

तुळशीवृंदावन: डोक्याला. माउलीनं एका हातानं धरलेलं असलं तरी वजन डोक्यावरच आहे.

पताका: काठी हातात आहे, म्हणून हाताला. खांद्यावर टेकवायची असेल तर मनगट वळवून टेकवा.

धोतर, सदरा यांची गोष्ट वेगळी. ते अंगाबरोबर वाकतात, त्यांना डॅझमध्ये फिट टू लागतं. टाळाला फिट टू करून काही होत नाही, कारण त्याच्यात वाकायला बोनच नाहीत.

क्रमही लक्षात ठेवा. आधी मुठीची पोझ, मग प्रॉप मुठीत नीट बसवणं, मग पेरेंट, आणि शेवटी अंगाची पोझ. जोडल्यावर कॅमेरा बाजूनं आणि वरून फिरवून बघा. समोरून सगळंच चिकटलेलं दिसतं, तिथंच मी फसलो. ब्लेंडरमध्ये प्रॉप जोडण्याआधी कंट्रोल-ए करून स्केल अप्लाय करा, नाहीतर पुढं तो वेडावाकडा ताणला जाऊ शकतो.

अॅनिमेशन करणाऱ्यांसाठी अजून एक. वीणा एकाकडून दुसऱ्याकडं जाताना दाखवायची असेल तर ब्लेंडरमध्ये चाइल्ड ऑफ कन्स्ट्रेंट दोनदा लावा, एकेका वारकऱ्यासाठी एकेक. एकाचा इन्फ्लुएन्स एकवरून शून्यावर आणा, त्याच फ्रेमला दुसऱ्याचा शून्यावरून एकवर. मध्ये एकही फ्रेम वीणा बिनधन्याची राहू देऊ नका. सप्ताहाचा नियमच आहे तो.

काही जण म्हणतील, "सर, एवढं कोण करतं? फोटोशॉपमध्ये टाळ कापून चिकटवला की झालं." वाढदिवसाचा बॅनर असेल, दोन तासांत हवा असेल, तर चिकटवा. मीसुद्धा चिकटवतो. कोणी म्हणेल, आता एआय आयतं चित्र देतं. खरंय, गिऱ्हाईक मोबाइलवर तसली चित्रं घेऊन येतंच. पण "हेच चित्र ठेवा, फक्त तिसऱ्या माणसाचा हात वर करा" असं म्हटलं की तिथं कधीकधी काहीतरी दुसरंच बदलतं. आपला धंदा नेमका तिथं आहे. पहिलं चित्र कोणीही देईल. बदल सांगितल्यावर दहा मिनिटांत बरोबर करून देणारा दुकानदार गिऱ्हाईक सोडत नाही.

आणि हिशेब बघा. एकदा नीट जोडलेला वारकरी आषाढीला चालतो, कार्तिकीला चालतो, गावोगावच्या सप्ताहाला चालतो. नुसती पोझ बदलायची. डॅझमध्ये जोडलेले प्रॉप वेअरेबल प्रीसेट म्हणून सेव्ह करून ठेवा. न जोडलेला वारकरी मात्र दरवेळी पहिल्यापासून मजुरी मागतो, आणि ती मजुरी गिऱ्हाईक देत नाही, आपल्या झोपेतून जाते.

या आठवड्याचा गृहपाठ: एक फिगर, दोन टाळ, एक पताका. जोडा, मग फिगर कमरेतून वाकवा, हात वर करा, मान फिरवा. काही हवेत राहिलं तर धनी चुकलाय. सगळं बरोबर आलं तर फाइल सेव्ह करा, पुढच्या आषाढीला कामाला येईल.

ते आजोबा पुढच्या वर्षीही आले होते. फ्लेक्स उलगडला, वीणेच्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता गुंडाळून घेऊन गेले.

भेटू पुढच्या व्हिडिओत. राम कृष्ण हरी.