कार्ब्युरेटर आणि चार गुणांची टीप

गेले तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण हात काळे होते आणि काळ्या हातांनी की-बोर्डला शिवायचं नाही असा आमच्या घरचा कायदा आहे. (तो कोणी केला हे सांगायला नको.) आज हात स्वच्छ आहेत, पण डोकं तापलेलं आहे. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

नातेवाईकांना माझी जावा ठाऊक आहे. १९६९ चं मॉडेल, २५० सीसी, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. मी ती १९८१ साली सेकंडहँड घेतली आणि आर्वी तालुक्यातल्या शाळेत वीसेक वर्षं तिच्यावर गेलो-आलो. एकाच दांड्याने किक मारायची आणि त्यानेच गिअर टाकायचे, म्हणून नवखा माणूस हमखास गोंधळतो. परवा दिवाळीनंतर तिला बाहेर काढली तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळायला लागलं. कॉक उघडला की खाली टिपटिप.

मग सल्ल्यांचा पाऊस. पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, ऑनलाइन नवा मागवा, दोन हजारात काम होईल." शेजारी म्हणाले, "सर, भंगारवाला बरा भाव देईल." नातू मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने मोबाइलमधून मान वर करून विचारलं, "आबा, कार्ब्युरेटर आता असतो तरी का कोणत्या गाडीत?"

प्रश्न खोटा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. टू-स्ट्रोकचा धूर काय असतो हे माझ्या मागे बसून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी काही सगळ्यांनी जावा चालवा म्हणत नाही. माझा राग वेगळाच आहे.

गाडी ढकलत ज्याच्याकडे नेली तो मेकॅनिक माझाच जुना विद्यार्थी. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "सर, काहून जीव खाता त्याचा? नवा टाकून देतो, घंट्याभरात गाडी घेऊन जा." मी म्हटलं, "अरे, तुला हा उघडता येत नाही का?" तो हसला. "येते ना सर. पण दोन हजाराच्या पार्टचे पैसे लोक गपचूप देतात. तेच दिवसभर बसून जुना दुरुस्त केला अन् पाचशे मागितले, तं म्हणतात, टाकलं काय तुनं? नुसता साफ तं केला."

मंडळी, हे वाक्य मला तीन आठवडे टोचतं आहे. वस्तूची किंमत देतो, हाताची देत नाही. आणि हे लोकांना शिकवलं कोणी? आम्ही. मास्तरांनी.

मी बी.ए. मराठीचा माणूस, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मग डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि देशभर 'वर्धा शिक्षण योजना' म्हणून ती गाजली. नई तालीम ती हीच. हाताने करायचं काम शाळेच्या मधोमध ठेवायचं आणि गणित, भूगोल, विज्ञान त्याच्या अंगाने शिकायचं. हे सगळं मी वर्षानुवर्षं वर्ध्याच्याच पोरांना शिकवलं. कसं? 'टिपा लिहा, चार गुण.' फळ्यावर पाच मुद्दे, घोकून घ्या. आणि त्याच तासाला मागच्या बाकावरच्या, वडिलांच्या सायकल दुकानातून ऑईलचे हात घेऊन येणाऱ्या पोराला म्हणायचं, "अभ्यास कर, नाहीतर जन्मभर पंक्चर काढशील." तो मेकॅनिक विद्यार्थी म्हणजे तोच. तो हे विसरला असेल. मी विसरलो नाही.

म्हणून ठरवलं, उघडायचा. नातवाला म्हटलं, सुटी आहे, बस समोर. पेचकस आण, परात आण. परात सौ.ने दिली नाही, टोपलं दिलं.

आत काय होतं? जुन्या पेट्रोलचा तांबूस डिंक. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडून जातं आणि ऑईलचा चिकटा मागे राहतो. तळाशी पांढरट चुरा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि उभ्या गाडीत ते पाणी धातू खातं. जेटच्या भोकात घाण बसली होती. नातवाने तार घेतली. मी हात धरला. तार घातली की पितळ घासतं आणि भोक मोठं होतं. विचारलं, "व्यास दहा टक्के वाढला तर क्षेत्रफळ किती वाढेल?" त्याने हिशेब केला, एकवीस टक्के. म्हणजे तेवढं पेट्रोल जास्त. त्याने तार खाली ठेवली. मग जेट पेट्रोलमध्ये भिजत घातला आणि खराट्याची काडी बारीक तासून त्याने साफ केला. आमच्याकडे हेच करतात.

गळतीचं मूळ होतं फ्लोट. पितळेचा पोकळ डबा, पेट्रोलवर तरंगतो आणि वर चढला की सुईने वाट बंद करतो. हलवून पाहिला तर आत डुबुक डुबुक आवाज. तो गरम पाण्यात बुडवला, आणि एका सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. नातू ओरडलाच, "आबा, लीक!" आतली हवा तापून फुगते, भोकातून बाहेर येते. बरोबर तेच सातवीच्या पुस्तकात असतं, फक्त तिथे बुडबुडा दिसत नाही.

आतलं पेट्रोल पूर्ण उडेपर्यंत डाग द्यायचा नाही, नाहीतर फ्लोट हातात फुटेल. म्हणून दोन दिवस उन्हात ठेवला, मधेमधे पुन्हा गरम पाणी. मग त्याच विद्यार्थ्याकडे घेऊन गेलो. त्याने अंगणात बसून डाग दिला, गव्हाच्या दाण्याएवढा. त्याआधी आणि त्यानंतर आम्ही सराफाच्या काट्यावर फ्लोट तोलला. सराफाला वाटलं म्हातारा सोनं विकायला आला. वजन का पाहायचं? फ्लोट जड झाला तर जास्त बुडेल, सुई उशिरा बंद होईल, पेट्रोलची पातळी वर राहील. आर्किमिडीज हो, दुसरं काय. डाग थोडा कानसून वजन जवळजवळ पहिल्याइतकं आणलं.

नातवाने बर्नुलीचं समीकरण परीक्षेत सोडवलेलं आहे, चांगले गुण आहेत. अरुंद नळीत हवा जोरात धावते, दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं, हे त्याला तोंडपाठ. पण ती अरुंद नळी बोटाने चाचपून पाहिल्यावर तो म्हणाला, "म्हणजे हा एवढा तुकडाच सगळं करतो?" मग त्यानेच पुढचं काढलं. पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या जेटवर नवं पेट्रोल घातलं की मिश्रण पातळ होणार, इंजिन तापणार. नव्या गाडीतला सेन्सर हे सांभाळून घेतो, आमच्या जावाला मेंदू नाही. मग सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर आणि पेट्रोल थोडं जास्त. निर्णय त्याचा. बरोबर निघाला.

आता सांगा, हा 'विषय' कोणता? विज्ञान, गणित की कार्यानुभव? माझ्या शाळेत कार्यानुभवाचा तास म्हणजे कागदाची फुलं, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला. मीसुद्धा मराठीला घेतलाय, खोटं कशाला बोलू.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडे शिकायला. उदाहरणादाखल सुतार, माळी, कुंभार आणि कलावंत आहेत. गॅरेज काही उल्लेखात दिसत नाही. कुंभाराच्या चाकाचा फोटो छान येतो ना! काळ्या हातांचा कोणाला पाहिजे? आणि दहाच दिवस? आमच्या एका फ्लोटला तीन आठवडे लागले. सेवाग्राम इथून आठ किलोमीटर. सहली जातात, बापूकुटी पाहतात, चरख्यासमोर फोटो काढतात आणि परत येऊन निबंध लिहितात.

"एवढा वेळ कोणाला आहे?" असं पुतण्या म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. वेळ आहे. त्याच नातवाच्या मोबाइलने मला दाखवलं की तो दिवसाला पाच तास त्यात असतो. वेळेची अडचण नाही, लाज आहे. काळे हात घेऊन चारचौघांत बसायची लाज. ती आम्ही चाळीस वर्षं पोरांच्या मनात भरली आणि आता म्हणतो, कारागीर मिळत नाहीत.

डागाचे पैसे त्या विद्यार्थ्याने सांगितले नाहीत. "सर, तुमच्याकडून काय घ्यायचं?" मी हजार रुपये ठेवले. त्याने पाचशे परत केले, मी पुन्हा ठेवले. बराच वेळ चाललं हे. शेवटी त्याने घेतले, आणि मी ते जुनं पंक्चरचं बोलणं काढायला गेलो, तेव्हा त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली.

जावा तिसऱ्या किकला सुरू झाली. नातू पुढे, मी मागे, पवनारपर्यंत जाऊन आलो. धावताना एका ठरावीक वेगाला ती अजून जरा खोकते. पॉइंट घासावे लागतील. बारीक कानस कोणीतरी कुठे ठेवली आहे, नातू रविवारी जायच्या आत ती सापडली पाहिजे.