डबलचा अर्थ पुरता सांगा

क्लबात ब्रिज खेळणाऱ्या सगळ्या जोड्यांना एक कळकळीची विनंती आहे. समोरच्याने तुमच्या पार्टनरच्या डबलचा अर्थ विचारला, तर नुसतं नाव सांगून मोकळे होऊ नका. तुमच्या दोघांत ठरलेलं सगळं सांगा. ब्रिजमध्ये पानं झाकलेली असतात, बोलीची भाषा मात्र उघडीच असावी लागते.

समजा, उत्तरेने एक चौकट बोली दिली, पूर्वेने एक इस्पिक आणि दक्षिणेने डबल. पूर्वी हा डबल दंडाचा मानला जाई. पण इतक्या खालच्या बोलीवर दंड वसूल करण्याची संधी क्वचितच मिळते. म्हणून 1957 मध्ये अमेरिकन खेळाडू अल्विन रॉथ यांनी तो बोलीत न आलेल्या सूट दाखवण्यासाठी वापरला. त्याच वर्षी सोडलेल्या सोव्हिएत उपग्रहावरून त्याला ‘स्पुटनिक’ म्हणू लागले. आपण त्याला निगेटिव्ह डबल म्हणतो. आता पश्चिमेने विचारलं आणि उत्तर मिळालं, ‘निगेटिव्ह’, तर नव्या खेळाडूला काय कळणार? ‘बदामाची किमान चार पानं, साधारण सहा किंवा जास्त पॉइंट, बदाम पाच असले तरी दोन बदाम बोलण्याची ताकद नसेल, तर डबलच देतो’, असं ठरलं असेल तर असंच सांगा.

सपोर्ट डबल खेळणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. पार्टनरने बदाम बोलल्यावर समोरच्याने मध्ये बोली दिली, तर तिला डबल देऊन बदामाची बरोबर तीन पानं दाखवायची असं ठरलं, की तिथे दिलेला पासही बोलका होतो: तीन बदाम बहुधा नाहीत. कुणी त्या पासबद्दल विचारलं तर हेही सांगायला हवं. नियम 40 नुसार जोडीच्या करारातून आणि अनुभवातून मिळालेली खास माहिती उघड करावी लागते. खेळाच्या सामान्य ज्ञानावरून काढलेला अंदाज सांगावा लागत नाही. काहीच ठरलेलं नसेल, तर ‘आमचं ठरलेलं नाही’ एवढंच म्हणा. तर्क करून सांगितलेला अर्थ समोरच्या जोडीची दिशाभूल करतो.

अलर्टचे नियम जागोजागी वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये तीन नोट्रम्पपर्यंत, नैसर्गिक सूट बोलीवरच्या टेकआउट डबलला अलर्ट नाही, दंडाच्या डबलला आहे. नोट्रम्पवर नेमकं उलट. स्पर्धेत उतरण्याआधी तिथले नियम वाचा. अलर्टची गरज नसली, तरी विचारल्यावर पुरतं उत्तर देणं बंधनकारकच राहतं.

पार्टनरने तुमच्या डबलचा अर्थ चुकीचा सांगितला तर? चेहरा हलू देऊ नका आणि ते ऐकलंच नाही असं समजून बोली पुढे न्या. डाव तुमच्या जोडीचा झाला, तर शेवटच्या पासनंतर आणि पहिलं पान पडण्याआधी डायरेक्टरला बोलावून दुरुस्ती सांगा. बचावात असाल तर खेळ संपेपर्यंत थांबा, कारण तुमची दुरुस्ती पार्टनरलाही ऐकू जाते.

पुढच्या स्पर्धेआधी दोघं एकत्र बसा आणि कन्व्हेन्शन कार्डावर लिहून काढा: निगेटिव्ह डबल कुठल्या बोलीपर्यंत, एक नोट्रम्पवरच्या डबलला किती पॉइंट, आणि कुठून पुढे डबल दंडाचा.